फोटोतली ताई

दिग्रसच्या शोभाताई आर्णीकर वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी प्रसिद्ध झाल्या. तोवर त्या एस.टी. डेपोतल्या वामनरावांच्या मिसेस होत्या. दळण टाकायला त्याच जायच्या, पण गिरणीवाला डब्यावर खडूनं 'वामनराव' लिहायचा, आणि डबा आणणारी बाई कोण याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. प्रसिद्ध झाल्या म्हणजे त्या काही टीव्हीवर गेल्या नाहीत. त्या वेबसाईटवर गेल्या.

मार्केट यार्डाच्या मागच्या रस्त्याला खेमसिंग राठोडांचं कृषी केंद्र आहे. शोभाताई तिथं बिलं करायला लागल्या होत्या. खेमसिंगभाऊंना नव्या गोष्टींची भारी हौस. त्यांनी दुकानाची वेबसाईट काढली तेव्हा रस्त्यातल्या बाकीच्या दुकानदारांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली. पण बघता बघता आर्णी, महागाव, पार वणीकडचे शेतकरीसुद्धा मोबाईलवर किडींचे सापळे आणि निंबोळी अर्क मागवू लागले, आणि टिंगल करणाऱ्यांची तोंडं बंद झाली. त्या वेबसाईटच्या पहिल्याच पानावर, सगळ्यात वर, शोभाताईंचा फोटो होता. मोरपंखी साडी, कानाला हेडफोन आणि ओठांवर जपून आणलेलं हसू. खाली लिहिलं होतं, 'शोभाताईंना विचारा', आणि त्याच्याखाली एक हिरवं बटण. बटण दाबलं की शोभाताईंच्या टेबलावरचा फोन वाजायचा.

वाजायचा म्हणजे दोनदा वाजून गप्प व्हायचा. आपल्याकडे फोन करणं वेगळं आणि मिस कॉल देणं वेगळं. फोन करणारा माणूस उधळा. मिस कॉल देणारा व्यवहारी. मिस कॉलचा अर्थ, मी आहे, मला गरज आहे, आता तुम्ही लावा. शोभाताई एकेक नंबर पाहून लावायच्या. घरी पुस्तकासारखं बोलणारी ही बाई फोन कानाला लागला की अस्सल वऱ्हाडी व्हायची. "हाव भाऊ, शोभाताई बोलून राह्यली. आधी नाव सांगा, मंग कपाशी." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नाव सांगितल्यावर माणूस अर्धा शांत होतो असं त्यांचं मत होतं.

एकदा पुसदच्या बसमध्ये फुलसावंगीकडची एक बाई त्यांच्याकडे टक लावून पाहत राहिली आणि शेवटी म्हणाली, "तुमी त्या फोटोतल्या ताई ना व?" अख्खी बस मागं वळून पाहायला लागली. शोभाताईंनी "हो, मीच" म्हणून पदर सारखा केला. हा प्रसंग वामनरावांनी पुढच्या वर्षभरात इतक्यांदा ऐकला, की पुसद हे नाव निघालं तरी ते चपला घालून बाहेर पडायचे. पण त्यांना काय कळणार? त्यांच्या नावाचा डबा गिरणीत होता. शोभाताईंचा स्वतःचा म्हणून असा तो एक फोटोच होता.

मग आलं सतरा सालचं ते बोंडअळीचं वर्ष. कपाशी वरून हिरवीगार, पण फूल उघडावं तर आत डोमकळी, म्हणजे पाकळ्या मिटून चिकटलेल्या आणि मधे गुलाबी अळी. त्यातून त्या पावसाळ्यात फवारणी करता करता माणसं दवाखान्यात जाऊन पडली होती, त्यामुळे ज्याला त्याला फवाऱ्याची धास्ती बसली होती. सगळे सापळ्यांच्या मागं लागले. या सापळ्यात मादी पतंगाच्या वासाची एक बारकी गोळी असते. नर त्या वासावर येतो आणि पिशवीत अडकतो. दुकानात सापळ्यांचे गठ्ठे येत होते आणि जात होते, फोनला उसंत नव्हती, आणि एकट्या शोभाताईंच्यानं ते निभेना. म्हणून खेमसिंगभाऊंनी वैष्णवीला फोनवर बसवलं.

वैष्णवी फुलसावंगीची. कॉलेज संपवून दुकानात पार्सलं बांधायच्या कामाला लागली होती आणि दिग्रसात एका खोलीत भाड्यानं राहत होती. तिला फोनवर तयार केलं शोभाताईंनीच. आधी नाव, मग कपाशी. माणूस रडायला लागला तर मधे बोलायचं नाही. आणि काहीही झालं तरी 'थांबा हं' म्हणून फोन ठेवून जायचं नाही. शोभाताईंच्या डब्यात तिच्यासाठी रोज दोन पोळ्या जास्त असायच्या. पोरगी त्यांना काकू म्हणायची आणि त्या तिला मनापासून जीव लावत होत्या. हे आधी सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं वाचून कोणाला खरं वाटणार नाही.

भाद्रपदात खेमसिंगभाऊ नागपूरला व्यापाऱ्यांच्या कसल्याशा बैठकीला गेले आणि येताना एक सॉफ्टवेअर घेऊन आले. महिनाभर फुकट होतं. त्यांनी दोघींना समोर बसवून ते समजावलं.

"हे पाहा ताई. आता आपल्या पानावर दोन फोटो राहतीन. अर्ध्या लोकायले एक दिसन, अर्ध्यायले दुसरा. जो फोटो पाहून लोक जास्त बटन दाबतीन, तो खरा. आपन कोन ठरवनारे? गिऱ्हाईक ठरवन. आन हे शिकते बी बरं का. कोन्या गावच्या लोकायले काय आवडते ते पाहून त्यायले तेच जास्त दाखवते. महिना झाला का जो जिंकन तो कायमचा, दुसरा काढून टाकू."

"दुसरा फोटो कोणाचा?" शोभाताईंनी विचारलं.

"ही हाय ना आपली वैष्णवी."

शोभाताई हसल्या. वैष्णवीही लाजून हसली. शोभाताईंनी तिला गोदामाच्या दारात, सापळ्यांच्या गठ्ठ्यापाशी उभं केलं, तिच्या कपाळावरचे केस नीट केले, ओढणीला पिन लावली, आणि स्वतःच्या कानाचा हेडफोन काढून तिच्या कानाला लावला. एवढं औदार्य माणूस कधी दाखवतो? आपण हरणार नाही याची पक्की खात्री असते तेव्हा. हे सगळं चाललेलं असताना खेमसिंगभाऊ पुढचं सांगतच होते, ज्याला एकदा जो फोटो दिसला त्याला तोच कसा दिसत राहणार वगैरे. पण शोभाताई त्या वेळी तोंडात पिन धरून उभ्या होत्या आणि वैष्णवी श्वास रोखून. दोघींनीही त्यातलं काही ऐकलं नाही. "आन महिनाभर मी आकडे उघडनार नाई," भाऊ शेवटी म्हणाले. "त्या नागपूरच्या मानसानं सांगतलं, मधात पाहालं का डोकं फिरते." हे मात्र दोघींनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅसवर चहा ठेवून शोभाताईंनी आपल्या मोबाईलवर वेबसाईट उघडली. वर वैष्णवी. 'वैष्णवीताईंना विचारा.' बरं, अर्ध्या लोकांना हिचा दिसणार, आपण त्या अर्ध्यांत आलो असू, असं म्हणून त्यांनी पान बंद करून परत उघडलं. वैष्णवी. पुन्हा बंद, पुन्हा उघडलं. वैष्णवीच. अर्धं-अर्धं म्हणजे दोनदा उघडल्यावर एकदा तरी आपण दिसायला हवं, असा त्यांचा सरळ हिशेब होता, आणि त्यात चूक कुठं होती हे त्यांना सांगणार कोण? चहा उतू गेला. वामनरावांचा फोन बटणांचा, त्यात वेबसाईट दिसतच नव्हती. दुकानात जाता जाता त्यांनी मेडिकलवाल्याला त्याच्या फोनवर पान उघडायला लावलं. त्यातही ती पोरगी गोदामाच्या दारात उभी राहून हसत होती, आणि कानाला हेडफोन शोभाताईंचा.

तिथून पुढं शोभाताईंच्या पोटात जे दुखायला लागलं, त्यावर मेडिकलवाल्याकडं औषध नव्हतं.

रोज दिवसभरात त्या किती वेळा पान उघडत होत्या ते त्यांचं त्यांना माहीत. भाजी चिरताना, बसची वाट पाहताना, देवापुढं दिवा लावून झाल्यावर, दर वेळी वैष्णवी. त्या फोटोतल्या एकेका गोष्टीचा त्यांना राग यायला लागला. दात जरा जास्तच दिसतात. मान वाकडी आहे. असं गोदामात उभं राहून काय हसायचं, हसायचं कारण काय, लोकांची कपाशी चाललीय! त्या सापळ्यातल्या गोळीसारखाच हा प्रकार आहे, असंही त्यांच्या मनात आलं. गावातली रिकामटेकडी पोरं त्या फोटोवर झेपावत असतील आणि बटण दाबत असतील. यात अन्याय होता, पण अगदीच खोटंही नव्हतं. पहिल्या आठवड्यात दिग्रसच्या काही पोट्ट्यांनी बटण दाबून "वैष्णवीताई हायेत का?" असं विचारलं होतं, आणि शोभाताईंनी त्यांची अशी हजेरी घेतली होती की त्यातल्या एकानं फोनवरच माफी मागितली.

रागाला एकदा वाट मिळाली की तो भलत्याच ठिकाणी पोचतो. डब्यातल्या दोन जास्तीच्या पोळ्यांची आधी एक झाली, मग एकही नाही. "पीठ संपलं गं," शोभाताई म्हणाल्या, आणि वैष्णवीनं "राहू द्या ना काकू" म्हणून दुकानापुढच्या गाड्यावरून पोहे आणले. ती पोहे खात असताना शोभाताईंना स्वतःचीच पोळी गिळेना, पण दुसऱ्या दिवशी डबा भरताना हात पुन्हा तसाच आखडला. वैष्णवीनं फोनवर काही सांगितलं की त्या मधूनच "तसं नाही, असं" म्हणू लागल्या. तिनं वाक्य म्हटलं, "आधी नाव सांगा, मंग कपाशी," तर शोभाताईंना वाटलं, माझं वाक्यसुद्धा घेतलं हिनं. ते आपणच तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं हे त्या सोयीस्कर विसरल्या.

वैष्णवीही गप्प गप्प राहायला लागली होती. पूर्वी सकाळी आल्या आल्या काकूंना रात्रीचं स्वप्न सांगणारी पोरगी आता मान खाली घालून फोन लावायची. मधूनच मोबाईल काढून काहीतरी पाहायची, ओठ चावायची आणि तो पालथा ठेवायची. शोभाताईंनी त्याचा एकच अर्थ लावला. माज आलाय.

"अहो, त्यांनी मला काढूनच टाकलंय," त्या एका सकाळी वामनरावांना म्हणाल्या. आवाज रडवेला झाला होता.

"कोणी?"

"सॉफ्टवेअरनं."

वामनरावांनी दाढीचा साबण तसाच ठेवून विचार केला. "दिग्रसचे लोक तुला रोज पाहतात. तुझ्याशी बोलायचं तर दुकानात येतात. त्यांना फोटोखालचं बटण कशाला दाबायला लागतं?"

"तुम्हाला काही कळत नाही," शोभाताई म्हणाल्या. पुढं पाहू जाता, त्या घरात त्या महिन्यात एवढं एकच शहाणपणाचं वाक्य बोललं गेलं होतं.

पण त्यातला 'दाबायला' हा शब्द त्यांच्या डोक्यात राहिला. दिवसभर तो घोळत राहिला आणि संध्याकाळी त्यांना युक्ती सुचली. बटण दाबलं की फोन कुठं वाजतो? माझ्या टेबलावर. म्हणजे जितके मिस कॉल माझ्या फोनवर, तितकी माझ्या नावावर बटणं. त्यांना हे इतकं स्वच्छ दिसलं, की इतके दिवस उगाच झुरलो याचंच वाईट वाटलं. तेव्हा अमुक पक्षाचं सदस्य व्हायचं तर मिस कॉल द्या, तमुक गाणारा आवडला तर मिस कॉल द्या, असं सगळीकडं चालू होतं. ज्याच्या नंबरवर कॉल, त्याला मत. यात शंका घ्यायला जागाच कुठं होती?

भुलाबाईचे दिवस होते. आमच्याकडं कोजागिरीपर्यंत गल्लीगल्लीतून पोरीबाळी भुलाबाईची गाणी म्हणतात, आणि गाणी संपली की यजमानीण झाकलेल्या डब्यातून खिरापत आणते. डबा हलवून दाखवायचा आणि आत काय आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं. त्या वर्षी शोभाताईंनी दिवेलागणीला अख्खी गल्ली बोलावली, आणि निरोपात सांगून ठेवलं, येताना घरातला मोठा मोबाईल घेऊन या, नवऱ्याचा असो की पोराचा. बायांनी आणले. जिचा नवरा देईना, तिनं चार्जिंगला लावलेला काढून आणला.

गाणी झाली. शोभाताई डबा छातीशी धरून मधे उभ्या राहिल्या. "ओळखायच्या आधी माझं एक काम करा. आमच्या दुकानाचं पान उघडा. फोटोखाली हिरवं बटण आहे ते दाबा, दोनदा वाजू द्या आणि कापा. मग खिरापत."

"कायले व?" समोरच्या घरातल्या मथुराबाईंनी विचारलं.

"दुकानाचं आहे काही. तुम्ही दाबा तर."

बाया कामाला लागल्या. कुणाचं पान उघडेना, कुणाच्या पोरीनं उघडून दिलं, कुणी दोनदा दाबलं, कुणी भक्तिभावानं पाच-सहादा. मथुराबाईंनी चष्मा आणला नव्हता. त्यांनी मोबाईल हातभर लांब धरून पाहिला आणि म्हणाल्या, "फोटो तं मस्त टाकला व शोभा! पन जुना दिसते. काय बारीक होती तू तवा!"

बाया हसल्या. शोभाताईंनी वाकून मोबाईलमध्ये पाहिलं. म्हणजे इथंही तीच! पण फोटो कोणाचाही असो, फोन आपल्याच टेबलावर वाजतोय, या विचारानं त्यांनी स्वतःला सावरलं आणि डबा हलवला. आत साखरफुटाणे होते. पहिल्याच फेरीत कोणीतरी ओळखलं आणि गल्ली फुटाणे खात घरी गेली. शोभाताई त्या रात्री पुष्कळ दिवसांनी गाढ झोपल्या.

सकाळी दुकानात गेल्या तर वैष्णवी आधीच येऊन त्यांच्या टेबलावरचा फोन घेऊन बसली होती. मिस कॉलची ही भलीमोठी रांग लागलेली. त्यात गल्ली किती आणि खरे शेतकरी किती, हे फोन लावल्याशिवाय कळणार नव्हतं. शोभाताई दारातच थबकल्या. याचा विचारच त्यांनी केला नव्हता.

"मी लावते, तू पार्सलं बघ," त्या घाईनं म्हणाल्या.

"चार-पाच लावले काकू मी," वैष्णवी म्हणाली. "सगळे दिग्रसचेच निंगाले." तिनं त्यांच्याकडं पाहिलं. "एक मथुराबाई होत्या. त्या म्हने, आमची कपाशी गिपाशी काई नाई व, शोभानं सांगतलं दाबा म्हून दाबलं."

शोभाताईंनी पर्समधून चष्मा काढला, पुसला, परत ठेवला. वैष्णवी अजून काही विचारेल म्हणून त्या थांबल्या. तिनं फोन त्यांच्या हातात दिला आणि गोदामात गेली. त्या दिवशी गल्लीच्या गर्दीत अडकलेले महागावकडचे दोन शेतकरी शोभाताईंना दुपार उलटल्यावर सापडले. त्यातल्या मानीबाई नावाच्या बाईनं सकाळपासून वाट पाहिली होती. "मले वाटलं ताई, तुमी दुकान सोडलं," ती म्हणाली. शोभाताईंना त्या वाक्यानं रडूच आलं, पण ते मानीबाईंसाठी होतं की स्वतःसाठी, हे त्यांना नीट सांगता आलं नसतं.

महिना भरला. खेमसिंगभाऊंनी पेढे आणवले, दोघींना कॉम्प्युटरपुढं बसवलं आणि आकडे उघडले. पडद्यावर दोन रेघा आल्या. निळी रेघ शोभाताईंची, लाल वैष्णवीची.

"हे पाहा," भाऊ बोट फिरवत म्हणाले. "महागाव, आर्णी, वणी, सगळीकडं शोभाताईच वर. खेड्यातल्या लोकायले मोठ्या बाईचा भरोसा वाटते. एकटं दिग्रस उलटं. इथल्या लोकायनं ताईच्या फोटोखाली बटनच दाबलं नाई. मंग त्यानं दिग्रसवाल्यायले वैष्णवीच दाखवाले सुरुवात केली. शिकते म्हटलं ना!"

शोभाताई निळ्या रेघेकडं पाहत राहिल्या. सरळ, निवांत, सगळ्यांच्या वरून चाललेली. महिनाभर त्या तिथं होत्या. आर्णीत, वणीत, फुलसावंगीत, घराघरांत त्या मोरपंखी साडी नेसून दिसत होत्या, आणि इथं दिग्रसात पोळ्या मोजत जळत बसल्या होत्या.

"पण मला तर एकदाही..." त्या म्हणाल्या.

"तुमाले पहिल्या दिवशी जो दिसला असन तोच दिसन ना. सांगतलं होतं की मी."

"मले रोज काकूच दिसत होत्या," वैष्णवी खाली पाहत म्हणाली. "मायनं बी घरून फोन केलता. म्हने, तुया फोटो कुठी हाय व? ती बाईच दिसते. मले वाटलं, भाऊनं माया टाकलाच नाई. लय राग आलता."

"माझा?" शोभाताईंनी विचारलं.

वैष्णवीनं ओठ चावला. आणि तो पालथा ठेवलेला मोबाईल, ते ओठ चावणं, ती खाली घातलेली मान, सगळं शोभाताईंच्या डोळ्यांपुढं आलं. माज नव्हता तो. जे त्यांना झालं होतं तेच होतं.

"आता इथं पाहा मज्जा," खेमसिंगभाऊंचं बोट पुढं सरकलं. निळी रेघ वरून चाललेली, आणि एका जागी लाल रेघ अशी उसळली होती की तिनं निळीला पार खाली टाकलं होतं. "एका संध्याकाळीत! सगळे दिग्रसचे. एवढ्यानंच वैष्णवी जिंकली, नाई तं ताईच होत्या. काय झालं बा त्या दिवशी?"

पेढ्याचा पुडा तसाच होता. शोभाताईंच्या सगळं ध्यानात आलं. बटणं फोनवर नव्हे, फोटोवर मोजली जात होती. स्वतःच्या गल्लीला फुटाणे वाटून, डबा हलवून, त्यांनी स्वतःच्या हातानं वैष्णवीला निवडून आणलं होतं. आता तोंड उघडायचं होतं आणि म्हणायचं होतं, भाऊ, ती संध्याकाळ वगळा, ते सगळं खोटं आहे, मी करवलं होतं. एवढं म्हटलं की फोटो परत त्यांचा. पण मग भाऊ विचारणार, काहून? आणि त्या 'काहून'चं उत्तर वैष्णवीच्या देखत द्यावं लागणार.

त्यांनी वैष्णवीकडं पाहिलं. वैष्णवीला सगळं ठाऊक होतं. मथुराबाईंनी तिलाच सांगितलं होतं. ती एका वाक्यात काकूंचा फोटो काकूंना परत देऊ शकत होती, आणि त्यांची लाजही राखू शकत होती, दुकानाची गंमत म्हणून केलं असेल असं काहीतरी म्हणून. ती लाल रेघेकडं पाहत होती. तिनं काही म्हटलं नाही.

बरोबर आहे, शोभाताईंच्या मनात आलं. मीही म्हटलं नसतं.

"भुलाबाई होती बहुतेक," त्या म्हणाल्या. "गावात गर्दी असते."

"तेच म्हनलं मी. गिऱ्हाईकाच्या मनाचा काई नेम नाई," भाऊ म्हणाले आणि त्यांनी शोभाताईंच्या फोटोवर बटण दाबून तो पानावरून काढून टाकला. त्याला एक क्षणही लागला नाही.

थोड्या वेळानं सॉफ्टवेअरवाल्यांच्या पुण्याच्या ऑफिसातून फोन आला. महिनाभर वापरलेल्यांचा अनुभव विचारत होते. खेमसिंगभाऊंनी नेहमीप्रमाणं फोन शोभाताईंकडं सरकवला. पलीकडून एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, आमच्या सॉफ्टवेअरला दहापैकी किती गुण द्याल? ग्राहकांच्या मनातलं त्यानं बरोबर ओळखलं का?"

"दहा द्या," शोभाताई म्हणाल्या. "ग्राहकांचं मला माहीत नाही बाई. पण आम्हा दोघींच्या मनातलं अगदी बरोबर बाहेर काढलं."

समोर सुतळी ओढणाऱ्या वैष्णवीचा हात थांबला. मुलीनं थँक्यू म्हणून फोन ठेवला.

फोन खाली ठेवतात न ठेवतात तोच दोनदा वाजून गप्प झाला. वणीकडचा नंबर. शोभाताईंनी हेडफोन कानाला लावला आणि नंबर फिरवला. पलीकडं एक म्हातारा माणूस होता, वाऱ्याचा आवाज येत होता, बहुतेक बांधावरून बोलत होता.

"त्या फोटोतल्या ताई पाहिजे होत्या," तो म्हणाला. "तुमीच का?"

त्याच्या हातातल्या पानावर आता कोण उभं होतं ते दोघींनाही माहीत होतं. हेडफोनमधला आवाज टेबलापलीकडं ऐकू जात होता. वैष्णवी उठून उभी राहिली होती, हात अर्धा पुढं आलेला. शोभाताईंनी तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"हाव भाऊ, मीच," त्या म्हणाल्या. "आधी नाव सांगा, मंग कपाशी."

वैष्णवीनं हात मागं घेतला आणि खाली बसून गठ्ठ्याची सुतळी आवळायला लागली.